पार्ट्स ऑफ स्पीच पाठ होते, पण वाक्यात सापडत नव्हते: इंदूरच्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरचं आहे. मुलाचं नाव बदललंय, त्याला समीर म्हणू, आणि घरच्या ज्या गोष्टींवरून ओळख पटेल त्या थोड्या इकडच्या तिकडे केल्यात. मी घरीच इंग्लिश शिकवते, येणारी मुलं बहुतेक आपल्याच मराठी घरांतली, आणि या मुलांची एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या शिक्षकांच्या पटकन लक्षात येणार नाही. घरात मराठी, गल्लीत आणि मित्रांत हिंदी, शाळा हिंदी मीडियम, म्हणजे व्याकरण शिकलेत ते संज्ञा, सर्वनाम, विशेषण असं हिंदीतून, मराठीचं व्याकरण कधी शिकलेच नाहीत, मराठी नुसती तोंडात आहे. आणि मग ग्रॅज्युएशन झाल्यावर स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने इंग्लिश एकदम पुढ्यात येतं.

समीर असाच. वडील क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब बघतात, आई घरी असते, मोठ्या बहिणीचं लग्न होऊन ती उज्जैनला. बीकॉम झाल्यावर याने एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीची स्पर्धा परीक्षा, द्यायचं ठरवलं आणि भंवरकुआँला कोचिंग लावलं, जसं इंदूरमधली निम्मी मुलं लावतात. गणित चांगलं, रीझनिंग त्याहून चांगलं, जीके ठीक. इंग्लिशमध्ये मात्र गाडी अडलेली. टियर वनला, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, इंग्लिशचे 25 प्रश्न असतात, 50 मार्कांचे, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला अर्धा मार्क कापतात. मॉक टेस्टमध्ये याची 10-11 उत्तरं बरोबर यायची आणि बाकीची सगळी चूक, कारण तो एकही प्रश्न सोडत नव्हता.

त्याची आई त्याला घेऊन आली तेव्हा म्हणाली, "ताई, याला सगळं पाठ आहे हो, रात्री-रात्री बसून पाठ करतो, तरी मार्क का येत नाहीत तेच कळत नाही." वही बघितली तर खरंच सगळं होतं. आठही पार्ट्स ऑफ स्पीचच्या, म्हणजे शब्दांच्या जातींच्या, व्याख्या, प्रत्येकाखाली शब्दांची लिस्ट, प्रीपोझिशन वेगळ्या रंगात, कंजंक्शन वेगळ्या रंगात, आणि मार्जिनमध्ये ट्रिका. शब्दाच्या शेवटी एलवाय (ly) दिसलं की अ‍ॅडव्हर्ब. आयएनजी दिसलं की व्हर्ब.

नेमकी अडचण काय होती

मी मॉकचा पेपर दिला नाही. त्यात ए-बी-सी-डी असतं, तुक्का लागला की माणूस खरंच काय विचार करतोय ते दिसत नाही. एका कागदावर साधी वाक्यं लिहून प्रत्येकात एका शब्दाखाली रेघ मारली आणि दोन रकाने केले, एकात शब्दाची जात लिहायची आणि दुसऱ्यात "कशावरून" ते लिहायचं. या दुसऱ्या रकान्यानेच सगळं उघड केलं.

"आफ्टर ही लेफ्ट, वी एट." इथे आफ्टर काय? प्रीपोझिशन. कशावरून? लिस्टमध्ये आहे. "शी हॅज अ फ्रेंडली फेस." फ्रेंडली काय? अ‍ॅडव्हर्ब. कशावरून? एलवाय. "स्विमिंग कीप्स हिम फिट." स्विमिंग व्हर्ब, आयएनजी आहे म्हणून. "द डिस्ट्रक्शन वॉज टोटल." डिस्ट्रक्शन पण व्हर्ब, कारण नष्ट करणं ही क्रिया आहे ना. आणि "ही वर्क्स हार्ड" मध्ये त्याने हार्डला अ‍ॅडजेक्टिव्ह तर म्हटलंच, वर असंही लिहिलं की वाक्य चुकीचं आहे, इथे "हार्डली" पाहिजे. आता हार्डली घातलं तर अर्थ होतो की तो जेमतेमच काम करतो, जवळपास करतच नाही. म्हणजे परीक्षेत एरर स्पॉटिंगमध्ये, जिथे वाक्यातली चूक शोधायची असते, बरोबर वाक्याला हा चूक ठरवणार आणि मार्क घालवणार.

म्हणजे आळस नव्हता, स्मरणशक्तीही उत्तम होती. तो शब्दाकडे बघत होता, वाक्याकडे बघतच नव्हता. त्याच्या डोक्यात प्रत्येक शब्दाची एक जात जन्मापासून ठरलेली होती. आणि ज्या व्याख्या पाठ केल्या होत्या त्या सगळ्या अर्थावर आधारलेल्या, नाव सांगतो तो नाउन, क्रिया सांगतो तो व्हर्ब, गुण सांगतो तो अ‍ॅडजेक्टिव्ह. या व्याख्या लहान मुलांना ओळख करून द्यायला ठीक आहेत, पण "ब्यूटी" पण गुणच सांगतो आणि तो नाउन आहे, "अरायव्हल" मध्ये येण्याची क्रिया आहे आणि तोही नाउनच. अर्थावरून जात ठरवायला गेलं की इंग्लिश पदोपदी फसवतं.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर नव्हती, ती त्याच्या लिहिण्यात सापडली. त्याला दहा ओळी लिहायला सांगितल्या तर त्यात "वी डिस्कस्ड अबाउट द एक्झाम" होतं, "आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह" होतं, "माय कझिन वेंट टू अब्रॉड" होतं. या तिन्ही चुका एरर स्पॉटिंगमध्ये हमखास विचारल्या जातात. आणि मला तिथेच वाटलं की हे प्रीपोझिशनचं दुखणं नाहीच, हे पण शब्दाची जात न ओळखल्यामुळेच होतंय.

समोर कोणते पर्याय होते

कोचिंगमधला सल्ला असा होता की नियम अजून पाठ कर, एरर स्पॉटिंगचे नियम सांगणारं जाड पुस्तक घे आणि संपव. पण नियम लागू करायच्या आधीच घोडं अडत होतं. "व्हर्बला अ‍ॅडव्हर्ब लागतो" हा नियम पाठ असून काय उपयोग, समोरचा शब्द अ‍ॅडव्हर्ब आहे का अ‍ॅडजेक्टिव्ह हेच ओळखता येत नसेल तर.

वडिलांचं म्हणणं उलट होतं, इंग्लिश सोडून दे, जेवढं पक्कं येतं तेवढंच कर, बाकी गणितात आणि रीझनिंगमध्ये काढ. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सीजीएलचा टियर वन फक्त पुढे जाण्यापुरता असतो, मेरिट लागते टियर टूवर, आणि तिथे पेपर वनच्या मेरिटला धरल्या जाणाऱ्या 390 मार्कांपैकी 135 इंग्लिशचे आहेत, 45 प्रश्न, प्रत्येकी 3 मार्क, आणि चुकलं की 1 मार्क जातो. गणिताचे 90, रीझनिंगचे 90. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा इंग्लिशचाच. हे आकडे कागदावर मांडून दाखवले तेव्हा वडिलांनी एक मिनिटात तो पर्याय सोडला. हिशेबाचा माणूस, आकडे कळले की वाद नाही.

तिसरा पर्याय मेहुण्यांनी सुचवलेला, रोज इंग्लिश पेपर वाच. वाचणं चांगलंच आणि मी ते नंतर लावलंही. पण ज्याला वाक्यात काय बघायचं तेच माहीत नाही तो पेपर वाचताना बातमी वाचतो, वाक्य बघत नाही, आणि परीक्षा काही महिन्यांवर होती.

चौथा पर्याय माझा. नावं सध्या बाजूला ठेवायची, लिस्टच्या वह्या बंद, आणि आधी प्रत्येक शब्द त्या वाक्यात कुठे उभा आहे आणि काय काम करतोय एवढंच ओळखायला शिकायचं. धोका हा की सुरुवातीला मार्क अजून खाली जातील, कारण जुनी सवय सुटलेली असते आणि नवी बसलेली नसते. समीरला हे आधीच स्पष्ट सांगितलं. तो घाबरला, मॉक बंद करायला तयार नव्हता. शेवटी असं ठरलं की मॉक देत राहायचं, फक्त इंग्लिशचा भाग तेवढे दिवस कोरा सोडायचा. ही तडजोड महत्त्वाची ठरली, कारण मॉक पूर्ण बंद केले असते तर घरात रोज एकच चर्चा झाली असती आणि मुलाचा धीर सुटला असता.

काय केलं

सुरुवात मराठीपासून केली. हिंदीच्या व्याख्या त्याला पाठ होत्या म्हणून त्यांच्यावर बोलायला गेलं की तो लगेच पाठांतरात शिरायचा. मराठीच्या व्याख्या त्याला ठाऊकच नव्हत्या, नुसती भाषा येत होती, आणि मला नेमकं तेच हवं होतं. त्याला म्हटलं, "वर बघ" आणि "टेबलावर ठेव", दोन्हीकडे वर आहे, काम एकच आहे का? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "नाही काकू, पहिला वर एकटा आहे, दुसरा टेबलाला चिकटलाय." बस. एवढंच हवं होतं. व्याकरणात पहिल्याला क्रियाविशेषण म्हणतात आणि दुसऱ्याला शब्दयोगी अव्यय, पण नाव न सांगताच फरक त्याने स्वतः पकडला. मग "मागे ये" आणि "घरामागे", "चांगलं गाणं" आणि "चांगलं गातो". अर्ध्या तासात "एका शब्दाची एकच जात" हे डोक्यातून निघालं, तेही त्याच्याच भाषेतून.

मग हे सांगितलं की आपल्या भाषांत शब्दाच्या शेपटीवरून बरंच कळतं. पाणिनीने तर पदाची व्याख्याच तशी केली, "सुप्तिङन्तं पदम्", ज्याच्या शेवटी नामाचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय आहे ते पद, अर्थाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. मराठीत "राम शामला बघतो" म्हणा का "शामला राम बघतो" म्हणा, "ला" मुळे कोण कोणाला बघतोय ते पक्कं राहतं. जुन्या इंग्लिशमध्येही असे विभक्तीचे प्रत्यय होते, पण पुढच्या काही शतकांत ते झिजून गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या जागेवर आलं. "राम सॉ शाम" उलटं केलं की अर्थच उलटतो. म्हणून इंग्लिशमध्ये जागा बघायची. शेपटी कधीकधी मदत करते पण तिच्यावर विसंबायचं नाही, फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, कॉवर्डली हे सगळे एलवायवाले अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत.

पहिलं काम रोज एकच, वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधायचं. अर्थावरून नाही, वाक्य कालवर न्यायचं आणि कोणता शब्द बदलला ते बघायचं. "स्विमिंग कीप्स हिम फिट" कालवर नेलं की "स्विमिंग केप्ट हिम फिट". बदलला तो कीप्स, स्विमिंग तसाच राहिला, म्हणजे इथे स्विमिंग क्रियापद नाही, तो वाक्याचा कर्ता होऊन बसलाय. ही कसोटी त्याला इतकी आवडली की तो रस्त्यावरच्या पाट्या पण कालवर न्यायला लागला.

मग शब्द एकच घ्यायचा आणि त्याला वेगवेगळ्या वाक्यांत बसवायचं. आषाढी एकादशीच्या दिवशी तो क्लासला आला तेव्हा आईचा उपास होता, म्हणून "फास्ट" घेतला. वाक्यं त्यानेच करायची. "माय मदर फास्ट्स ऑन एकादशी." कालवर नेलं, फास्टेड झालं, म्हणजे व्हर्ब. "हर फास्ट एंड्स टुमॉरो." बदलतो एंड्स, आणि फास्टच्या आधी हर आहे, हर काढून द घातला तरी बसतो, म्हणजे नाउन. "इट इज अ फास्ट ट्रेन." इथे तो अडला, कारण आधी "अ" आहे, मग नाउन का नाही? मी काही सांगितलं नाही, "अ" कोणासाठी आलाय एवढंच विचारलं. म्हणाला ट्रेनसाठी. म्हणजे फास्ट मधे शिरलाय आणि ट्रेनबद्दल सांगतोय, अ‍ॅडजेक्टिव्ह. "द ट्रेन रन्स फास्ट." आता तो ट्रेनबद्दल नाही, पळण्याबद्दल सांगतोय, अ‍ॅडव्हर्ब. शेवटी मी "द बेबी इज फास्ट अस्लीप" दिलं. इथे वेग नाहीच, गाढ झोपलंय. अस्लीप हा अ‍ॅडजेक्टिव्ह, त्याच्या आधी उभं राहून किती-कसं सांगतो तो अ‍ॅडव्हर्ब. हे त्याला लगेच आलं नाही, दुसऱ्या दिवशी "डेड टायर्ड" आणि "वाइड अवेक" समोर ठेवल्यावर आलं.

इथे एक गोष्ट शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बरेच जण सांगतात की शब्दाच्या आधी "व्हेरी" लावून बघा, लागलं तर अ‍ॅडजेक्टिव्ह. पण व्हेरी अ‍ॅडव्हर्बलाही लागतं, "रन्स व्हेरी फास्ट" चालतंच की. व्हेरीने फार तर एवढं कळतं की हा नाउन किंवा व्हर्ब नाही. पुढचा निर्णय तो शब्द कोणाबद्दल बोलतोय यावरच. आणि लुक, सीम, टेस्ट, स्मेल, फील यांच्यापुढे काय आहे ते बघताना क्रियापदाच्या जागी इज किंवा आर घालून बघायचं. "द मँगोज टेस्ट स्वीट" मध्ये "आर स्वीट" बसतं, म्हणून स्वीट अ‍ॅडजेक्टिव्ह आणि तेच बरोबर, स्वीटली नाही. पण "ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी" मध्ये "वॉज अँग्रिली" बसत नाही, तिथे तो खरंच बघण्याची क्रिया करतोय, अ‍ॅडव्हर्बच हवा.

आता ते डिस्कस अबाउट. मला स्वतःला या प्रकरणात सगळ्यात जास्त समाधान याच भागाचं आहे. आपण मराठीत किंवा हिंदीत बोलतो कसं? चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, हल्ला करणे, भर देणे. म्हणजे खरा अर्थ नामात आणि क्रियापद नुसतं करणे-देणे. आणि नाम आलं की त्याच्यामागे "बद्दल", "साठी", "वर" असं काहीतरी येतंच, परीक्षेबद्दल चर्चा, सुट्टीसाठी विनंती, किल्ल्यावर हल्ला. इंग्लिशमध्येही हे शब्द नाउन असले की प्रीपोझिशन लागतं, "अ डिस्कशन अबाउट द एक्झाम", "अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह", "अ‍ॅन अटॅक ऑन द फोर्ट", "एम्फसिस ऑन ग्रामर", "अ लॅक ऑफ एक्स्पीरियन्स", "अ व्हिजिट टू ओंकारेश्वर". पण तोच शब्द व्हर्ब झाला की कर्म त्याला थेट चिकटतं, मधे कोणी नाही. "डिस्कस्ड द एक्झाम", "रिक्वेस्टेड लीव्ह", "अटॅक्ड द फोर्ट", "एम्फसाइज्ड ग्रामर", "लॅक्स एक्स्पीरियन्स", "व्हिजिटेड ओंकारेश्वर". समीरच्या डोक्यात चर्चा हे नाम होतं आणि तोंडातून डिस्कस हे व्हर्ब निघत होतं, म्हणून मधे अबाउट शिरत होतं. हे एकदा जोड्यांनी लिहून काढल्यावर त्याने वहीतला वेगवेगळ्या नियमांचा एक अख्खा पसारा स्वतःच एका पानावर आणला. सगळी क्रियापदं अशी वागत नाहीत, टॉक आणि होप यांना व्हर्ब असतानाही अबाउट-फॉर लागतं, आणि सर्च दोन्हीकडे चालतो, त्यामुळे याला नियम म्हणून पाठ करायचं नाही. पण प्रश्न विचारायची सवय लागली की इथे हा शब्द नाउन आहे का व्हर्ब, आणि तेवढ्याने बरंच काम होतं.

अब्रॉडचं याहून सोपं. "घरी जा" म्हणताना आपण "घरीला जा" म्हणत नाही, कारण कुठे ते घरी मध्येच आलंय. इंग्लिशमधले होम, अब्रॉड, अपस्टेअर्स, हिअर हे जाण्या-येण्याच्या क्रियापदापुढे असेच अ‍ॅडव्हर्ब असतात, टू लावायची गरजच नाही.

"टू" चे दोन अवतार मात्र वेगळे घ्यावे लागले. "आय यूज्ड टू गेट अप अर्ली" आणि "आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली". कसोटी अशी की टू च्या पुढे नुसतं नाउन घालून बघायचं. "आय अ‍ॅम यूज्ड टू नॉइज" चालतं, म्हणजे टू प्रीपोझिशन आहे, म्हणून पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावून. "आय यूज्ड टू नॉइज" चालत नाही. "लुक फॉरवर्ड टू" पण याच कसोटीने सुटतं.

आफ्टर, बिफोर, सिन्स, बिकॉज, बिकॉज ऑफ, ऑलदो, डिस्पाइट या सगळ्यांसाठी एकच प्रश्न, पुढे कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य आहे का नुसतं नाउन. वाक्य असेल तर कंजंक्शन, नाउन असेल तर प्रीपोझिशन, पुढे काहीच नसेल तर अ‍ॅडव्हर्ब, जसं "दे केम सून आफ्टर". यात त्याला फार वेळ लागला नाही.

मध्येच आलेला पेच

एक दिवस समीर वैतागून आला. "माय" हा शब्द एका पुस्तकात प्रोनाउन, दुसऱ्यात अ‍ॅडजेक्टिव्ह आणि तिसऱ्यात डिटरमायनर. कोणतं खरं? त्याला वाटलं आता सगळंच डळमळीत झालं. इथे दोन रस्ते होते, एक म्हणजे "परीक्षेसाठी हे लक्षात ठेव" म्हणून एक उत्तर देऊन पुढे जाणं, दुसरा म्हणजे थांबून हे असं का आहे ते सांगणं. मी थांबले.

पार्ट्स ऑफ स्पीच आठच असं आपण म्हणतो पण हा आकडा कधीच स्थिर नव्हता. आपल्याकडे यास्क या प्राचीन विद्वानाने निरुक्त या ग्रंथात चारच मानले, नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ आहेत, पण त्यात आर्टिकल वेगळं आहे आणि अ‍ॅडजेक्टिव्ह वेगळा नाही, तो नाउनमध्येच धरलाय. लॅटिनला आर्टिकल नाहीच, म्हणून लॅटिनवाल्यांनी ते काढलं आणि इंटरजेक्शन घालून पुन्हा आठ केले. लिंडली मरेच्या 1795 च्या इंग्लिश व्याकरणात नऊ आहेत, आर्टिकल धरून. पुढे बऱ्याच शालेय पुस्तकांनी आर्टिकल अ‍ॅडजेक्टिव्हमध्ये टाकलं, आणि आताची पुस्तकं द, माय, धिस, सम यांना मिळून डिटरमायनर म्हणतात. भाषा तीच आहे, खण कसे पाडायचे यावर मतभेद आहेत.

मग त्याच्या ओळखीचं उदाहरण घेतलं, क्लॉथ मार्केट. क्लॉथ काय? तो लगेच म्हणाला अ‍ॅडजेक्टिव्ह, कारण मार्केटबद्दल सांगतोय. म्हटलं, "व्हेरी क्लॉथ मार्केट" म्हणून बघ, "द मार्केट इज क्लॉथ" म्हणून बघ. नाही चालत. म्हणजे शब्द नाउनच आहे, काम अ‍ॅडजेक्टिव्हचं करतोय. जुनी पुस्तकं म्हणतील नाउन यूज्ड अ‍ॅज अ‍ॅडजेक्टिव्ह, नवी म्हणतील नाउनच, आणि दोघांनाही वाक्यात तेच दिसतंय. परीक्षेपुरतं आम्ही एवढं ठरवलं की असा शब्द आला तर आधी ऑप्शन बघायचे, डिटरमायनर दिलं असेल तर तेच, नसेल तर पुढे नाउन आहे ना मग अ‍ॅडजेक्टिव्ह, आणि एकटा उभा असेल, जसं "माइन", तरच प्रोनाउन. सीजीएलमध्ये थेट "या शब्दाची जात सांगा" असं क्वचितच येतं, त्यामुळे यावर याहून जास्त वेळ घालवायचा नाही हेही ठरवलं.

निकाल

पहिले दोन-तीन आठवडे वाईट गेले. कोचिंगच्या क्लास टेस्टमध्ये तो मागे पडला कारण प्रत्येक वाक्याला वेळ लागायचा, आणि वडील एकदा येऊन विचारून गेले की चाललंय ना बरोबर. पावसाळा संपता संपता मॉकमधला इंग्लिशचा भाग पुन्हा सुरू केला. बरोबर उत्तरं 16-17 वर आली, पण खरा फरक चुकांमध्ये होता, आता तो चार-पाच प्रश्न सोडून देत होता आणि निगेटिव्ह मार्किंग जवळपास थांबलं. एरर स्पॉटिंग आणि सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट हे दोन भाग चांगलेच सुधारले. दर वेळी कारण सांगता यायला लागलं, आणि कारण सांगता आलं की माणूस ऐन परीक्षेत उत्तर बदलत बसत नाही.

जे सुधारलं नाही तेही सांगते. सिनॉनिम, अँटोनिम, इडियम हे होते तिथेच राहिले, शब्दसंग्रह या मार्गाने वाढत नाहीच. पॅसेजचा वेग कमीच होता. टियर वन निघाला. टियर टूमध्ये इंग्लिश बरं गेलं पण एकूण मार्क त्याला हव्या त्या पोस्टच्या कटऑफला पोचले नाहीत. त्याने पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचं ठरवलंय, मधल्या काळात बँकेचे फॉर्म पण भरलेत. आईचा पहिल्या दिवशीचा प्रश्न मात्र सुटला, पाठ असून मार्क का येत नाहीत ते घरातल्या सगळ्यांना कळलं.

पुन्हा करायचं झालं तर

इंग्लिश पेपरचं वाचन मध्यापासून लावलं, ते पहिल्या आठवड्यापासून रोज एका परिच्छेदाचं लावता येईल, आणि त्यात फक्त क्रियापदांखाली रेघा मारायच्या, बाकी काही नाही. वेगाची अडचण त्याने थोडी तरी कमी होईल असं मला वाटतं.

"कशावरून" चा रकाना सुरुवातीला तपासणीपुरता होता, नंतर तो सुटला. आता येणाऱ्या मुलांना तो शेवटपर्यंत ठेवायला लावते, उत्तर बरोबर असलं तरी. कधीकधी बरोबर उत्तरामागे चुकीचं कारण असतं आणि ते पुढच्या पेपरात फसवतं.

कोचिंगच्या सरांशी सुरुवातीलाच बोलून घेणं बरं पडेल. मुलगा सकाळी तिथे लिस्ट पाठ करतो आणि संध्याकाळी इथे लिस्ट बाजूला ठेवतो, यात त्याची ओढाताण होते. सगळे सर ऐकतील असं नाही, पण निदान या मुलाने काही दिवस क्लास टेस्ट सोडली तर त्याला वर्गात उभं करू नका एवढं तरी सांगता येतं.

आणि फ्रेझल व्हर्ब. टर्न ऑन, गिव्ह अप, लुक आफ्टर यांतले छोटे शब्द प्रीपोझिशन का अ‍ॅडव्हर्ब, हा भाग समीरबरोबर वेळेअभावी राहून गेला. त्याची कसोटी सोपी आहे, तिथे "इट" घालून बघायचं. "टर्न इट ऑन" म्हणावं लागतं, "टर्न ऑन इट" चालत नाही, म्हणजे ऑन इथे व्हर्बचाच साथीदार आहे. "लुक आफ्टर इट" मध्ये इट शेवटीच येतो, म्हणजे आफ्टर प्रीपोझिशनसारखा वागतो. समीर दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे, तेव्हा सुरुवात इथूनच करू.